‘मुट्टब्याड’ : मिरज स्टेशनबाहेरच्या अण्णांचं प्रकरण

नाताळच्या आधीच्या शनिवारी, रात्री अकराच्या सुमाराला, मिरज स्टेशनच्या बाहेर मी एका म्हाताऱ्या माणसाचं मनगट पिरगाळलं. माझ्या दुसऱ्या हातात त्याच्यासाठीच आणलेली चादर होती.

हे सगळं लिहून काढतोय कारण आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, नवीन पोरं आता रस्त्यावर राहणाऱ्यांना जेवण वाटायच्या शनिवारच्या सेवेला यायला लागलीत, त्यांना मी तोंडी सांगतो आणि दरवेळी काहीतरी राहून जातं. शिवाय दुसऱ्या गावच्या दोघातिघांनीही विचारलं की तुमचे नियम एवढे कडक का, फोटो काढायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत, झोपलेल्याला उठवायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही. त्या नियमांचं मूळ या एका माणसापाशी आहे. त्यांचं नाव लिहिणार नाही, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मंडळीचं आणि दवाखान्याचं नावही मुद्दाम घेत नाही.

मी मूळचा सातारकडचा, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, राहायला मिरजेत. आमचा तरुण संघ दर शनिवारी रात्री चाळीसएक पाकिटं घेऊन बाहेर पडतो, चपाती-भाजी, कधी खिचडी, एक उकडलेलं अंडं किंवा केळं. महिला मंडळ दुपारपासून हॉलच्या मागे स्वयंपाकाला लागतं. मिरज हे जंक्शन, पुण्याकडून, कोल्हापूरकडून, पंढरपूर-कुर्डुवाडीकडून आणि खाली बेळगाव-लोंढ्याकडून अशा चारी बाजूंनी गाड्या येतात, त्यामुळे स्टेशनवर उतरणाऱ्यात नुसते मराठी बोलणारेच असतात असं नाही. त्यात हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकातली माणसं औषधपाण्यासाठी मिरजेचीच वाट धरतात. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याला येणारे वेगळे. आम्हाला रस्त्यावर भेटलेल्यांपैकी कितीतरी असे होते की आले होते कुणाला तरी दवाखान्यात घेऊन, पैसे संपले, पेशंट वारला, आणि मग घरी कुठल्या तोंडानं जायचं म्हणून इथंच थांबले. एका दिवसापुरते थांबलेत असं वाटतं आणि मग वर्षं जातात.

अण्णा स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडच्या पलीकडच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून असायचे. वय साठीच्या आसपास. डाव्या पायाला कायम फडकं गुंडाळलेलं. आणि एक गाठोडं, जुन्या लुंगीत बांधलेलं, वरून सुतळीचे चार-पाच आडवेतिडवे वेढे. झोपले तरी त्या सुतळीचं एक टोक मनगटाला बांधलेलं असायचं. हे मी त्या रात्रीच्या आधी तीन-चार महिने बघत होतो, म्हणजे डोळ्यांनी बघत होतो. त्याचा अर्थ काय हे कधी मनात आलंच नाही.

त्या शनिवारी आमच्याकडे पाकिटांशिवाय पंचवीस चादरी होत्या. मंडळीतल्या एका कुटुंबानं दिलेल्या, आणि त्यांनी म्हटलेलं की वाटतानाचे दोन-चार फोटो टाका म्हणजे बाकीच्यांनाही उत्साह येतो. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही म्हणतो. थंडी चांगलीच होती. अण्णा झोपले होते. मी एका पोराला म्हणलं फोटो घे, आणि चादर नीट अंगभर यावी म्हणून त्यांचं गाठोडं उचलून जरा बाजूला सरकवायला गेलो. सुतळी ताणली गेली, त्याच क्षणी मोबाईलचा फ्लॅश पडला.

ते उठले ते ओरडतच. उशाशी काठी असायची ती उचलून मारली, माझ्या खांद्याला लागली. दुसरी मारायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. "आम्ही तुमच्यासाठी आलोय इथं, कळतंय का काही!" असं मी ओरडलो, बरंच काय काय बोललो, त्यातले काही शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. ते एकच शब्द परत परत ओरडत होते, "मुट्टब्याड! मुट्टब्याड!" मला वाटलं शिवी देतायत, म्हणून माझा राग अजूनच वाढला. आजूबाजूला माणसं जमली. रिक्षा स्टँडवरचा एकजण पुढे येऊन म्हणाला, "काय रे, सेवा करायला येता का धर्म बदलायला येता, आणि वर मारताय होय म्हाताऱ्याला?"

आमच्याबरोबर एक मावशी असतात, रिटायर्ड नर्स, उगार खुर्दकडचं माहेर, त्यामुळे कानडी पक्कं. त्या मागून चालत आल्या आणि एकच बोलल्या, "हात सोड आधी."

मी सोडला. मग त्या तिथंच, पाच-सहा फुटांवर, रस्त्यावर मांडी घालून बसल्या. काहीच बोलल्या नाहीत. अण्णांनी गाठोडं पोटाशी ओढून घेतलं होतं आणि ते थरथरत होते. बऱ्याच वेळानं मावशींनी हळू विचारलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. ते काही बोलले नाहीत, पण थरथर थोडी कमी झाली हे मी पाहिलं. अजून दहा मिनिटं बसून मावशी उठल्या, चादर तिथंच घडी करून ठेवली, अंगावर घातली नाही, आणि आम्हाला म्हणाल्या चला.

येताना मी विचारलं मुट्टब्याड म्हणजे काय. म्हणाल्या, "हात लावू नको." नुसतं एवढंच सांगत होते ते बिचारे, सबंध वेळ.

मी पुढचे तीन शनिवार गेलोच नाही. ऑफिसला जास्तीचं काम आहे असं सांगितलं. खरं कारण असं की मला माझी लाज वाटत होती आणि त्या लाजेच्या खाली कुठंतरी अजून रागही होता, की एवढं आपण करतो आणि हे असं. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांना, कुणीतरी सांगितलं असणार, ते घरी आले. उपदेश केला नाही. चहा घेतला आणि बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. एलीया जीव नकोसा होऊन रानात झुडपाखाली झोपलाय, देवदूत येतो, त्याला उठवून म्हणतो खा. उशाशी भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत येतो, परत खायला देतो. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, त्या सगळ्यात देवदूत त्याला एकदाही विचारत नाही की तू असा इथं का पडलास. आणि एकदा खाऊन झोपला तर झोपू देतो." जाताना दारात थांबून अजून एक म्हणाले, की बायबलात गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांची, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांची, यादी आहे ती वाचा, आणि शेवटचा शब्द काय आहे बघा.

शेवटचा शब्द इंद्रियदमन. लहानपणापासून पाठ आहे, संडे स्कूलमध्ये तोंडपाठ म्हणून बक्षीस मिळालेलं. मला आयुष्यभर वाटायचं की ते दारू, तंबाखू, वाईट नजर याबद्दल आहे आणि मला त्यातलं काही नाही म्हणजे ते फळ माझ्याकडे आहे. आपला हात आणि आपली जीभ, तीही चांगलं काम करत असताना, ही पण इंद्रियंच आहेत हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मावशींकडे गेलो. त्यांनी मला दोन-तीन गोष्टी समजावल्या त्या सगळ्यांनीच समजून घ्यायसारख्या आहेत. रस्त्यावरच्या माणसाला रात्री कोण उठवतं? सामान चोरणारा उठवतो, दारुडा उठवतो, हाकलणारा काठीनं उठवतो, पहाटे झाडलोट करणारा पाणी मारून उठवतो. झोपेत अंगाला हात लागला तर तो चांगला हात असेल असं त्याच्या अनुभवात कधी आलेलंच नसतं. त्यामुळे अशी माणसं सलग झोपतच नाहीत, तुकड्यातुकड्यानं झोपतात, आणि झोप नसलेला माणूस चिडका होणारच, आपण दोन रात्री नीट झोपलो नाही तर घरात कसे वागतो. आणि गाठोडं म्हणजे आपल्या लेखी चिंध्या, पण त्याच्यासाठी घर, कपाट, बँक, सगळं तेच. तू त्याच्या घरात घुसून कपाट हलवलंस, असं त्या म्हणाल्या.

अजून एक. अण्णांना गाडीची भयंकर भीती होती, आमची ओम्नी भिंतीजवळ थांबली की ते सरकत सरकत लांब जायचे. आपल्याकडे भीक मागण्यावर बंदी घालणारा 1959 चा कायदा आहे, त्यात पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. रस्त्यावर राहणारा माणूस कायदा वाचत नाही पण गाडी येते आणि माणसं उचलून नेते हे त्याच्या कानावर असतं, म्हणून "चला बसा गाडीत, तुमच्या भल्यासाठीच आहे" हे वाक्य त्याला किती घाबरवत असेल. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त बेघर माणसं नोंदली गेली, ती मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती. रात्री कागद घेऊन येणारी माणसं दिसली की अण्णा तिथून उठून जाणार, हे मला आता पक्कं माहीत आहे, म्हणजे त्यांच्यासारखे कितीतरी त्या आकड्यात नसणारच.

जानेवारीत मी परत जायला लागलो. मावशींनी घालून दिलेली पद्धत अशी, की पहिले पंधरा मिनिटं हातात काही नाही, पाकीट नाही, चादर नाही, मोबाईल खिशात, आणि बसायचं, उभं राहून बोलायचं नाही. एवढंच. मला हे फार जड गेलं. आपल्याला सवय असते काहीतरी देऊन हात मोकळे करायची, पाकीट दिलं की आपण सुटलो. रिकाम्या हातानं बसलं की समोरचा माणूस दिसायला लागतो, त्याच्या पायाचा वास येतो, तो आपल्याकडे बघत नाही हेही दिसतं.

पहिल्या शनिवारी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या शनिवारीही तेच. मी पाकीट मध्यावर ठेवून यायचो, त्यांच्यापासून आणि माझ्यापासून सारख्याच अंतरावर. तिसऱ्या वेळी मी पाठ केलेलं म्हणून बघितलं, "ऊटा आतेन्री?" माझा उच्चार चुकला असणार. ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितले आणि म्हणाले, "ब्याड." नको. आधीचा मी असतो तर दुखावलो असतो. त्या रात्री मला आनंद झाला, कारण त्यांनी मला उत्तर दिलं होतं आणि मला ते कळलं होतं. मी पाकीट उचलून परत घेतलं. आता वाटतं तेच महत्त्वाचं होतं, की ते नको म्हणाले आणि मी खरंच परत घेतलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी पाकीट घेतलं. त्यानंतर पाय.

पायाचं फडकं त्यांनी स्वतः सोडून मावशींना दाखवलं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दोन बोटांच्या मध्ये आणि तळव्याला जखम, त्यात अळ्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, त्या नुसत्या पाण्यानं निघत नाहीत, दवाखान्यात टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला बोळा ठेवतात मग त्या वर येतात आणि चिमट्यानं एकेक काढतात. मला मळमळलं, मी तोंड फिरवलं नाही एवढंच मी केलं. मावशींनी विचारलं दवाखान्यात जाऊया का. ते म्हणाले ब्याड. मग त्यांनी विचारलं पाय धुऊ का. बराच वेळ गप्प राहून त्यांनी पाय पुढे केला. एकच पाय, घोट्याच्या खाली.

इथं आमच्यात वाद झाला आणि तो अजूनही संपलेला नाही. संघातल्या दोघांचं म्हणणं होतं की पाय सडतोय, कसली परवानगी, चौघांनी उचला आणि न्या. त्यांच्यात कळवळा नव्हता असं मी म्हणणार नाही, उलट त्यांना बघवतच नव्हतं. मावशी म्हणाल्या की ताप नाही, शुद्धीवर आहेत, स्वतःचं स्वतःला कळतंय, एकदा उचलून नेलं तर दुसऱ्या दिवशी पळून जातील आणि परत कुणालाच पाय दाखवणार नाहीत, मग आपण काय करणार. त्यांचं ऐकलं. पुढं दवाखान्यात अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. आम्ही डॉक्टरांना विचारलं की तीन आठवडे आधी आणलं असतं तर वाचलं असतं का, ते म्हणाले सांगता येत नाही, शुगर 300 च्या वर आहे आणि पायाला संवेदनाच नाही, जखम कधीपासूनची आहे कुणास ठाऊक. मी त्या बोटाबद्दल अजून विचार करतो. संयम ठेवला की सगळं बरोबरच होतं असं सांगायला मी हे लिहीत नाहीये.

पण दवाखान्यात ते पायामुळे गेले नाहीत. ती आमची दुसरी चूक, आणि पहिल्यापेक्षा मोठी.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते हॉलवर यायला तयार झाले. आंघोळ, ड्रेसिंग, दोन दिवस आराम, असं ठरलं. ओम्नीत बसणार नाहीत म्हणून रिक्षा बघितली, आणि कोण आला तर तोच, त्या रात्री आम्हाला बोललेला रिक्षावाला. त्याला अण्णांची थोडी ओळख होती, त्यानं त्यांना पुढं स्वतःच्या शेजारी बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. मला मात्र उतरताना सांगितलं, "माझं लक्ष हाय तुमच्यावर." मला ते आवडलं, खरंच. कुणाचं तरी लक्ष असायला पाहिजेच.

शुक्रवारी दुपारी हॉलवर आले. मावशी त्या दिवशी लेकीकडे कोल्हापूरला. आम्ही पोरांनी त्यांना आंघोळ घातली, म्हणजे पाणी आणि साबण दिला आणि आडोसा केला, स्वच्छ कपडे दिले, जेवण दिलं. संध्याकाळी ते बाहेर जायला निघाले, दारूला. रोज पीत होते हे आम्हाला माहीत होतं. आम्ही दार लावून घेतलं. देवाच्या घरात आलाय तर दोन दिवस तरी नको, असं प्रेमानं समजावलं, हातसुद्धा लावला नाही, आणि ते बसले बिचारे. आम्हाला वाटलं केवढं मोठं काम झालं.

शनिवारी सकाळी हात थरथरायला लागले. दुपारी घामानं अंग ओलं. रात्री भिंतीवरून मुंग्या येतायत म्हणून हातानं झटकायला लागले, कुणाशी तरी बोलायला लागले. आमच्यातल्या एका पोरानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली, त्याला वाटलं की हे दुष्टात्म्याचं काम आहे. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पहाटे तीनला त्यांना फिट आली.

मावशींना फोन लावला. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "डोक्यावरचा हात काढायला सांग त्याला. दारू तुटलीय त्यांची. कुशीवर कर, तोंडात काही घालू नका, 108 लाव."

दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं सगळ्यांना सांगतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका फटक्यात बंद केली तर सहा-आठ तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, ताप, ज्यात माणूस जाऊही शकतो. ती मनाची कमजोरी नसते, मेंदूला त्या दारूची सवय झालेली असते. बंद करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. शिवाय अशा माणसांच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं, म्हणून ते इंजेक्शन आधी देतात आणि मग ग्लुकोजचं सलाईन, उलट केलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका. आणि खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, थोडं थोडं द्यायचं. आम्ही शुक्रवारी त्यांना आग्रह करकरून चार चपात्या वाढल्या होत्या.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी उपासनेला मी गेलो नाही, खाटेजवळ बसलो होतो. सोबत कुणी नसलेल्या पेशंटजवळ कुणीतरी लागतंच, औषध आणायला, लघवीचं भांडं द्यायला, आणि शुद्धीवर येताना आपलं कुणी दिसायला. पायाचं ऑपरेशन धरून नऊ दिवस आम्ही पाळ्या लावल्या. मला त्या नऊ दिवसांत बायबलात योहानाच्या शुभवर्तमानातली तळ्याकाठची गोष्ट सारखी आठवत होती. अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस, आणि येशू त्याला आधी विचारतो की तुला बरं व्हायची इच्छा आहे का. मी ती गोष्ट शंभर वेळा ऐकली असेल आणि मला तो प्रश्न कायम विचित्र वाटायचा, अडतीस वर्षं पडलेल्याला हे काय विचारायचं. आता वाटतं, त्याला तोपर्यंत कुणी विचारलंच नसेल.

अण्णांनी चौथ्या दिवशी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो गाठोड्याचा. ते रिक्षावाल्याकडे होतं, त्यानं आपल्या सीटखाली ठेवलेलं. सुतळीची गाठसुद्धा तशीच.

यातून आमच्या सेवेत जे बदललं ते थोडक्यात लिहितो. झोपलेल्याला उठवत नाही, पाकीट जवळ ठेवतो, चादर पायथ्याशी. सामानाला हात नाही. फोटो अजिबात नाही, देणगीदारांना आम्ही महिन्याचा हिशेब पाठवतो, किती पाकिटं, किती ड्रेसिंग, किती खर्च. सुरुवातीला दोन देणगीदार कमी झाले. पत्रकं, पुस्तकं घेऊन जात नाही. यावर मंडळीत बरंच बोलणं झालं, काही वडीलधाऱ्यांना वाटलं की आपण शुभवर्तमान लपवतोय. माझं मत असं की उपाशी माणसाच्या समोर एका हातात चपाती आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरलं तर तो पुस्तकाला हो म्हणतोय की चपातीला हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही, आणि असा होकार मी तरी प्रभूपुढे घेऊन जाऊ शकत नाही. कुणी विचारलं की तुम्ही का येता, तर सांगतो. कुणी प्रार्थना करा म्हणलं तर करतो, हळू आवाजात, हात न लावता. लूकच्या शुभवर्तमानातल्या गोष्टीत वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीचा माणूस, तेल लावतो, पट्टी बांधतो, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि आपल्या वाटेनं जातो, त्यात तो त्या माणसाला तुझं गाव कुठलं, तुझा देव कुठला, हे विचारल्याचं कुठं आलेलं नाही.

आणि कोणत्या वेळी परवानगीसाठी थांबायचं नाही हेही ठरवलंय. बेशुद्ध, फिट, रक्त थांबत नाही, ताप चढलाय, श्वास लागलाय, तिथं परवानगी विचारत बसत नाही, सरळ 108. ज्याला आजारामुळे स्वतःचं भान नाही, रस्त्यात भटकतोय, त्याच्यासाठी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. अशा वेळी आम्ही स्वतः उचलाउचली न करता ठाण्यात कळवतो आणि सोबत जातो. दारू पिणाऱ्याला दार लावून बसवत नाही. पटत नसलं तरी नाही.

अण्णा आत्ता कुठं आहेत असं सगळे विचारतात. दवाखान्यातून सुटल्यावर निवारा केंद्रात दोन रात्री राहिले, तिसऱ्या रात्री परत भिंतीपाशी. आमच्यातल्या काहींना फार वाईट वाटलं, एक भाऊ तर म्हणाला की सगळं पाण्यात गेलं. मला तसं वाटत नाही पण त्याचं म्हणणं चूक आहे असं सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. दारू कमी झालीय, बंद नाही. शुगरच्या गोळ्या रिक्षावाला देतो, सकाळी चहाबरोबर, आपल्या डब्यात ठेवलेल्या. बुधवारी आणि शनिवारी मावशी ड्रेसिंग करतात, मी ट्रे धरतो. जखम आता एक रुपयाच्या नाण्याएवढी राहिलीय. त्यांचं गाव विजापूरकडचं आहे एवढं एकदा बोलण्यात आलं, घरी कुणाला कळवू का असं मावशींनी विचारल्यावर ब्याड म्हणाले, तो विषय तिथंच आहे.

गेल्या शनिवारी पाऊस होता. भिंतीला वरून पत्रा आहे तिथं एका माणसापुरतीच कोरडी जागा होती. त्यांनी गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि बाजूला हातानं थोपटून मला बस म्हणून खूण केली. मी बसलो. त्यात काय आहे मला अजून माहीत नाही, मी विचारलेलं नाही.